विसर्गाच्या उलट दिशेने

माढ्यात पाहुणा आला की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, "येताना उजनी बघितली का? किती टक्के आहे?" पाहुणा कोकणातला असला तर गोंधळतो. धरण ही टक्क्यांत मोजायची गोष्ट असते हे त्याच्या गावी नसतं. आमच्याकडे मात्र ते टक्के शून्याच्या खालीही जातात. मृतसाठ्यात पाणी उतरलं की वर्तमानपत्रं 'उजनी उणे अमुक टक्के' असं छापतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या जवळ पोचला होता. पावसाळ्यात प्रश्न बदलतो, "दौंडचा विसर्ग किती?" पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून सुटलेलं पाणी दौंडवरून येतं. तिथे किती हजार क्युसेक वाहतंय यावर आमच्या उसाचं, पंढरपूरच्या वाळवंटाचं आणि सोलापूरच्या नळांचं भवितव्य ठरतं.

माढा हे नाव बाहेरच्या माणसाला लोकसभेच्या निवडणुकीमुळे ठाऊक असतं. गावात माढेश्वरीचं देऊळ आहे, निंबाळकरांचा जुना किल्ला आहे, तालुक्यात कुर्डुवाडी जंक्शन आहे. पण तालुक्यातली सगळ्यात मोठी वस्तू कोणती, तर पाणी. १९६६ मध्ये भीमेवर धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० मध्ये भिंत पुरी झाली. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत. भिंत माढा तालुक्यात आणि पाण्याची शेपटी करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेली. नकाशात पाहिलं तर दुष्काळी मुलखाच्या मधोमध एक अख्खा उपसागर आणून ठेवल्यासारखा दिसतो.

एवढं पाणी असून त्यावर होड्यांची शर्यत का नाही, हा प्रश्न मला मुंबईत पडला. त्याचं उत्तर शोधत मी पाण्याच्या उलट दिशेने फिरत गेलो, म्हणजे उजनीहून भिगवण आणि पुढे पुणं. हा प्रवास एका दमात झालेला नाही. कधी लग्नाच्या निमित्ताने, कधी दवाखान्याच्या, कधी नुसताच, असा तुकड्यातुकड्यांनी झाला. इथे तो जोडून सांगतो.

मुंबईपासूनच सुरुवात करू. मार्च २०१७ मध्ये, ३ ते ५ तारखांना, मरीन ड्राइव्हसमोरच्या बॅक बे उपसागरात पी-वन पॉवरबोट स्पर्धेची भारतातली पहिली ग्रां प्री भरली. 'पॅंथर' नावाच्या २८ फुटी बोटी, प्रत्येकीच्या पाठीला अडीचशे अश्वशक्तीचं एकच इंजिन, आत दोन माणसं. एक सुकाणू धरणारा, दुसरा वाट आणि वळण सांगणारा. परदेशी चालकांच्या जोडीला आपल्याकडचे रॅलीतले गौरव गिल आणि डकारच्या वाळवंटात मोटारसायकल चालवून आलेले सी. एस. संतोष पाण्यात उतरवले होते. मी कट्ट्यावर बसून पाहत होतो. लांबून बोट दिसतच नव्हती. दिसत होता तो मागे उठणारा पाण्याचा पांढरा तुरा, आणि तो पुढे सरकून गेल्यावर कानावर आदळणारा आवाज. वळणावर बोट एका कडेवर झुकायची, नाक वर व्हायचं आणि शेजारचा भेळवाला हातातला कागद तसाच धरून उभा राहायचा. शर्यतीचे नियम कट्ट्यावर कुणालाही कळत नव्हते. कोण पुढे, कुठला फेरा, काही पत्ता नाही. तरी लोक हलत नव्हते. पाण्यावर वेगाने काही जाताना पाहण्यात माणसाला काय मिळतं ते सांगता येत नाही, पण मिळतं खरं.

तीन दिवसांनी मंडप उतरले. पुढल्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हवर ती शर्यत दिसली नाही, त्यापुढच्याही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात आंध्रातल्या अमरावतीला, कृष्णेवर प्रकाशम बॅरेजपाशी, फॉर्म्युला वन पॉवरबोटींची शर्यत झाली. तिचीही वर्दी मोठी होती. दुसऱ्या वर्षी बोटी तिथेही आल्या नाहीत. अशा शर्यतीत बोटी, चालक, इंधन, प्रक्षेपण सगळं बाहेरून येतं आणि प्रायोजकाचा फलक निघाला की परत जातं. काठावरच्या माणसाचं काम फक्त बघण्याचं. बघणाऱ्याच्या जोरावर उत्सव दुसऱ्या वर्षी उभा राहत नाही.

इंजिनच्या बोटींच्या शर्यतीचं नशीब पहिल्यापासून असंच डळमळीत. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ होता, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. साउदॅम्पटनजवळच्या खाडीत चाळीस सागरी मैलांच्या शर्यती ठेवल्या होत्या. वारं असं सुटलं की बहुतेक फेऱ्या रद्द झाल्या. तिन्ही गटांत मिळून शर्यत पुरी करणाऱ्या बोटी तीनच, गटाला एक. जो पोचला त्याला सुवर्णपदक. त्यानंतर ऑलिम्पिकने या खेळाला पुन्हा हात लावला नाही.

पण एक ठिकाण असं आहे जिथे हा प्रकार साठ वर्षांच्या वर टिकून राहिला. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात मिशन बे नावाचा उपसागर आहे. मुळात ती भरती-ओहोटीची दलदल. गाळ उपसून, बेटं रचून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिचा उपसागर केला. म्हणजे आमच्या उजनीसारखंच माणसाने बनवलेलं पाणी. तिथे १९६४ मध्ये हायड्रोप्लेन बोटींची मोठी शर्यत झाली आणि पुढे तिचा दर सप्टेंबरचा उत्सव झाला. या बोटी पाण्यात चालतात असं म्हणणं धाडसाचं आहे. वेगात असताना पाण्याला टेकतात ते पुढच्या दोन बाजूंचे तळवे आणि मागचा अर्धा पंखा, बाकी सगळी बोट हवेत. पूर्वी त्यांत महायुद्धातल्या लढाऊ विमानांची इंजिनं असत, आता चिनूक हेलिकॉप्टरची असतात. सरळ रेषेत ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातात. बिल मन्सी हा या खेळातला सगळ्यात गाजलेला माणूस. ६२ शर्यती जिंकलेला. १९८१ मध्ये मेक्सिकोतल्या आकापुल्कोला त्याची बोट हवेत उलटली आणि तो गेला. दुसऱ्या वर्षी आणखी एक नामांकित चालक तसाच गेला. मग कुठे बोटींवर एफ-सोळा विमानाची काचेची टोपी बसवायला लागले आणि चालक वाचायला लागले. मन्सीच्या नावाचा चषक मिशन बेवर दिला जातो.

मला यातलं इंजिन नव्हे, वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा उत्सव शहरातले स्वयंसेवक चालवतात. पाण्यात वळणाच्या खुणांचे फुगे टाकणं, घड्याळ लावून बसणं, गस्तीच्या होडीत दिवसभर उन्हात उभं राहणं, पाणबुडे, रुग्णवाहिका, गाड्या लावायची जागा, शेवटी कचरा उचलणं. प्रायोजक बदलले, नाव बदललं, मंदी आली, तरी फुगे टाकणारे तेच. पंढरीच्या वाटेवरच्या गावाला हे समजावून सांगायला नको. दिंडीच्या मुक्कामी पाणी कुणी भरायचं आणि पत्रावळी कुणी उचलायच्या याचा ठराव आमच्याकडे कुठल्या कार्यालयात होत नाही.

हे डोक्यात घेऊन मी उजनीला गेलो. टेंभुर्णीहून भीमानगर जवळच. भिंतीवर जायला परवानगी लागते, ती बरोबरच आहे. पण मला भिंत पाहायची नव्हती, बोटी पाहायच्या होत्या.

उजनीवर इंजिनच्या बोटी नाहीत असं कुणी समजू नये. चिकार आहेत. एक मासेमारीची. चिलापी हा इथला मासा. बाहेरून आलेला, पण आता इतका आपला झालाय की महामार्गावरच्या खानावळी त्याच्या जिवावर चालतात. तो पकडणारे भोई नि इतर मच्छीमार कुणी होडीत असतात, कुणी नुसत्या थर्माकोलच्या तुकड्यावर मांडी घालून जाळं टाकत असतात. तोल कसा सांभाळतात हे काठावर उभं राहून कळत नाही. दुसरी बोट वाळूची. रात्रीच्या अंधारात नदीच्या पोटातून वाळू ओढणारी. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, दिसत मात्र कुणालाच नाही. अधूनमधून महसूल खात्याची माणसं येतात, जिलेटीन लावून अशा बोटी उडवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. उजनीवर इंजिनच्या बोटीचा खरा वेग पाहायचा असेल तर म्हणे तहसीलदारांची गाडी काठाला लागते त्या क्षणी पाहावा. हा विनोद मला एका चहावाल्याने सांगितला आणि स्वतः हसला नाही.

तिसरी बोट माणसांची. धरण झालं तेव्हा नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. वर सरकलेल्या वस्त्यांचे सोयरे पाण्यापलीकडे राहिले. करमाळा तालुक्यातल्या कुगावातून समोर इंदापूर तालुक्यातलं कळाशी दिसतं. पाण्यातून गेलं तर थोडक्या वेळात पोचतो, रस्त्याने गेलं तर मोठा वळसा. म्हणून लाँच. तिच्यात माणसं चढतात, दूध चढतं, मोटारसायकल चढते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात याच वाटेवरची एक बोट उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत लहान मुलं होती.

मी कुगावला गेलो ते त्यानंतर. एका नावाड्याला विचारलं, "आण्णा, वारं सुटल्यालं कळतं का आधी?"

"कळतंय की," तो म्हणाला. "पर माणूस म्हंतो, आत्ता येतोय पलीकडं. पाणी न्हाई आयकत आत्ता-बित्ता."

त्याच्या होडीत लाइफ जॅकेटं होती. नवी, नारंगी, एकाला अजून प्लॅस्टिकची पिशवी तशीच. मी एक घातलं तर शेजारची बाई हसली. तिच्या मते जॅकेट पोहायला न येणाऱ्यांनी घालायचं. मग म्हणाली, "घाला बाबा, तुमी पावनं." पलीकडे जाईपर्यंत तीही एक मांडीवर घेऊन बसली होती. इथे पूल मंजूर आहे. तो झाला की ही लाँच बंद पडेल, आणि बंद पडलेलीच बरी. पण पाण्याची सवय असलेली ही माणसं मग काय करतील, हा विचार मला तिथे पहिल्यांदा आला. दोन पिढ्या वारं, लाट आणि गाळ ओळखणारे हे लोक. शर्यत कुणी घ्यायची म्हटली तर पंचही हेच आणि बचाव पथकही हेच.

पुढचा तुकडा रेल्वेचा. माढा, कुर्डुवाडी, कुंकवासाठी नावाजलेलं केम, जेऊर. जेऊर सोडलं की डावीकडे पाणी दिसायला लागतं. धरणामुळे इथली जुनी रेल्वेवाट बदलली आणि डिकसळचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल रेल्वेविना राहिला. खिडकीशी बसलात तर भिगवणपर्यंत पाणी सोबत करतं. भिगवणजवळच्या कुंभारगावात मी उतरून पाहिलं. हिवाळ्याच्या शेवटाला तिथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात आणि मासे धरणाऱ्या घरांतली पोरं आता पुणेकरांना होडीतून पक्षी दाखवतात. थवा दिसला की पोरगा इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी सरकवतो. इंजिन चालू ठेवलं तर पक्षी उडतात आणि धंदाही उडतो, एवढं अर्थशास्त्र त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. अडीचशे अश्वशक्तीच्या बोटींसाठी उजनी नाही, हे माझं मत तिथे कायम झालं. हे प्यायचं पाणी आहे, आणि त्यावर आधीच पुण्याची घाण येऊन पडते. त्यात तेलाची भर नको.

पुण्याची घाण म्हटलं ते रागाने नव्हे, भूगोलाने. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीला. शिवाजीनगरला नाल्यात सोडलेलं पाणी शेवटी आमच्या टक्क्यांत मोजलं जातं. त्याच मुळेच्या काठी, संगमाजवळ, जुन्या परंपरेचा, पोरांनी चालवलेला होड्यांचा उत्सव भरतो.

१८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेली अभियांत्रिकीची शाळा म्हणजे आजचं सीओईपी. विश्वेश्वरय्या इथले. २०२२ पासून विद्यापीठ झालेल्या या संस्थेचा बोट क्लब आहे आणि त्याचा रेगाटा १९२८ पासूनचा मानला जातो. पुण्यात बोट क्लब म्हटलं की रिक्षावाला बोट क्लब रोडला नेतो. तो रस्ता वेगळा. त्याचं नाव पडलं रॉयल कॅनॉट बोट क्लबवरून, जो एकोणिसाव्या शतकात साहेबांनी साहेबांसाठी काढला. खाली बंडगार्डनला बंधारा घातलेला असल्याने वरच्या अंगाला पाणी तुंबून राहतं, म्हणून नदी कोरडी पडायची तेव्हाही इथे वल्ही चालायची. साहेब गेले. त्यांच्या क्लबात आज टेनिस आणि जेवण जास्त. वल्ह्याचा खेळ उत्सव म्हणून जिवंत ठेवला तो होस्टेलच्या पोरांनी.

मी गेलो ती मार्चमधली संध्याकाळ होती. आधी येतो तो वास. खोटं कशाला बोलू, पहिली दहा मिनिटं नाकावर रुमाल होता. मग आजूबाजूला पाहिलं तर एकाही पोराच्या नाकावर काही नव्हतं, म्हणून मीही खिशात घातला. जलपर्णीचे हिरवे गठ्ठे कडेला ढकलून ठेवलेले. ते काढण्यातच यांचे अनेक दिवस जातात. जलपर्णी वरून वाहत येते, आज काढली की चार दिवसांनी पुन्हा. या पोरांनी नदी इतक्या जवळून पाहिलीय की पर्यावरणावरचं एखादं व्याख्यान त्यांना ऐकवण्याची हिंमत मला झाली नाही.

खेळ सुरू झाले. शेल म्हणजे लांब, अरुंद, तोल घेतला नाही तर क्षणात कलंडणारी होडी. पंट म्हणजे चपट्या तळाची, बांबूने ढकलायची. कयाक म्हणजे एकट्याची, दुपाती वल्ह्याची. पंट फॉर्मेशनमध्ये या चपट्या होड्या एका रांगेत येतात, रांग फुटते, वर्तुळ होतं, वर्तुळाची नक्षी होते. कयाक बॅलेत संगीतावर होड्या वळतात, मागे सरतात, एकमेकींना ओलांडतात. टेलिमॅचमध्ये गंमत जास्त, पडापडी जास्त. आणि अंधार पडल्यावर मशाल. पेटत्या मशाली तालावर फिरतात, पाण्यात त्यांची दुसरी रांग दिसते आणि काठावरचे आजोबा लोक, जे याच क्लबात एकेकाळी पंट ढकलायचे, खुर्चीवरून उठून उभे राहतात.

मला मात्र मागची बाजू पाहायची होती. मंडपाच्या मागे गेलो. तिथे एक मुलगा चिखलात गुडघाभर उभा राहून परत आलेल्या होड्या धरत होता. नाव यादीत नसलेला, नक्षीत नसलेला, टाळ्यांत नसलेला. विचारलं, "तुझा खेळ कुठला?"

"माझा खेळ नाही काका. मी बोटी धरतो."

"सगळा वेळ?"

"दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी पंटला घेतील." एवढं बोलून तो पुढच्या होडीकडे वळला.

बॅक बेवर असा मुलगा नव्हता, कारण बोटी धरण्याचे तिथे पैसे दिलेले असतात. पैसे देण्यात वाईट काही नाही. पण पगारी माणसाला 'पुढच्या वर्षी पंटला घेतील' हे वचन लागू होत नाही. सीओईपीतली पोरं चार वर्षांनी कायमची निघून जातात, दरवर्षी सगळा संघ नवा, तरी उत्सव शंभरीला टेकतोय. वरच्या वर्गाने खालच्याला होडी धरायला शिकवायचं, खालच्याने पुढे त्याच्या खालच्याला. पाठ्यपुस्तक नाही, प्रायोजक असला तर आहे, नसला तर वर्गणी.

याच मुळेच्या काठाने थोडं वर गेलं की खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आणि दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. वल्हेकरी दत्तू भोकनळ इथे घडला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या टंचाईच्या गावातला मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा. सैन्यात भरती झाल्यावर त्याने वल्हं हातात धरलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्ण मिळवलं. टँकरच्या गावातलं पोर पाण्यावर पदक आणतं, हे आमच्या मुलखात रोज एकदा सांगायला हवं. उजनीकाठच्या पोराच्या दारात तर पाणीच आहे. त्याला वल्हं कुणी दिलं नाही, एवढंच.

सांगलीत ते दिलं जातं. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, गावोगावचे बोट क्लब आहेत. सांगली, कसबे डिग्रज, कवठेपिरान अशी नावं घेतली की तिथला माणूस ताठ बसतो. आयर्विन पुलावर आणि घाटावर गर्दी, लांब होडीत वल्हेकऱ्यांची रांग, एक हाळी देणारा आणि पाठोपाठ सगळ्यांची वल्ही एकदम. यावर मी फार लिहिणार नाही, कारण ती शर्यत शब्दांत मावत नाही आणि सांगलीकरांना दुसऱ्याने लिहिलेलं आवडतही नाही. एवढंच नोंदवतो की २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटून १७ जण दगावले, तेव्हा होडी हाकता येणारी माणसं गावात किती आणि ती कुठे आहेत हा प्रश्न जिल्ह्याने जिवाच्या भाषेत ऐकला. शर्यतीचे क्लब करमणुकीसाठी निघतात, पण पूर आला की गावात पाणी समजणारे तेवढेच असतात.

कुगावची बोट मे २०२४ मध्ये उलटली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट इंजिनची चाचणी चालू असताना आदळली आणि पंधरा जण गेले. एक गोड्या पाण्यातली, एक खाऱ्या. एकीला वारं कारण, दुसरीला वेग. दोन्हीनंतर लाइफ जॅकेटवर लेख आले, आदेश निघाले, तपासण्या झाल्या. आदेशाने जॅकेट बोटीत येतं, अंगात येत नाही. अंगात येण्यासाठी ते घालणारं कुणीतरी आपल्यातलं, जोरात, सगळ्यांसमोर, टाळ्या घेत घालावं लागतं. त्यासाठी शर्यतीइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही.

परतताना भिगवणला पुन्हा उतरलो. चिलापी खाल्ली. शेजारच्या टेबलावर चार तरुण गणपतीच्या वर्गणीचा हिशेब करत होते आणि डीजेवर किती गेले यावरून भांडत होते. आकडा ऐकून माझा घास थांबला. तेवढ्यात दोन शेल होड्या आल्या असत्या.

माझं म्हणणं साधं आहे. उजनीवर वर्षातून एक दिवस वल्ह्याच्या होड्यांची शर्यत व्हावी. दसरा ते दिवाळी या दिवसांत, धरण भरलेलं असताना, ऊस तोडणी अजून जोरात नसताना आणि रोहित पक्षी यायच्या आधी. भिंतीपासून लांब, कुगाव-कळाशीच्या टप्प्यात, जलसंपदा खात्याची रीतसर परवानगी घेऊन. इंजिन फक्त बचावाच्या होडीला आणि ती चालवणारा कुगावचा नावाडी. वारं सुटलं तर शर्यत त्याच्या शब्दावर बंद, प्रमुख पाहुणे व्यासपीठावर असले तरी. मासेमारीच्या होड्यांचा एक गट, शाळकरी पोरांचा एक, बायकांचा एक. पहिल्या वर्षी बक्षिसाला एक ढाल पुरे. शिकवायला सीओईपीतले नि सांगलीतले लोक बोलावले तर येतील असं मला वाटतं. पाण्यावर प्रेम असलेला माणूस प्रवासखर्चावर येतो.

माढा, करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतल्या मंडळांना एवढीच विनंती: यंदा गणपतीनंतर जी वर्गणी उरेल तिच्यातून पहिला खर्च लाइफ जॅकेटांवर करा. होड्या मागून आणू.